अमावस्येची सुट्टी

मोंढ्याला अमावस्येची सुट्टी असते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, आमच्या लासूर स्टेशनला शेंबडं पोरही सांगेल. अमावस्येला माप लावू नये, नवा सौदा करू नये, अशी जुनी समजूत. त्यामुळे त्या दिवशी हमाल, मापाडी, आडते, मुनीम सगळे रिकामे. हमाल झोप काढतात. आडते दुकानातली जळमटं काढून घेतात. मुनीम मंडळी एखाद्या ओट्यावर बसून पत्ते कुटतात.

आमचे नाना मुनीम होते, पण त्यांना पत्ते येत नव्हते. त्यांना हिंडणं येत होतं. महिनाभर बाजरी, मका आणि कांद्याच्या पट्ट्या लिहायच्या आणि अमावस्येला उजाडायच्या आत घर सोडायचं, हा त्यांचा नेम. पंचांगात हिंडण्यासाठी याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता. ज्या दिवशी लोक प्रवासाला निघत नाहीत, तिठ्यावरचं लिंबू ओलांडत नाहीत, लेकरांना दिवेलागणीनंतर अंगणातसुद्धा सोडत नाहीत, नेमका त्या दिवशी हा कुटुंबवत्सल गृहस्थ खांद्याला झोळी लावून डोंगराकडे निघायचा. आजी होती तोवर दर महिन्याला दारात तोच तमाशा. "अवसंला कुठं निघालास रे? भुताखेताचा दिवस." नाना चपला घालता घालता म्हणायचे, "त्यांचा तर तो कामाचा दिवस. त्यांना माझ्याशी बोलायला सवड कुठली?"

नाना माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, खिशाला शाईचं पेन आणि त्याच खिशात एक घडी घातलेली पिशवी, कारण वाटेत काय मिळेल सांगता येत नाही. बोरं मिळायची, सीताफळं मिळायची, एकदा कासव मिळालं. ते शिवनेच्या डोहात नेऊन सोडून यायला लागलं, कारण मोठ्या आईने, म्हणजे नानांच्या बायकोने, घरात एकच जण उशिरा येणारा ठेवायचा असं ठरवलं होतं.

लासूर स्टेशन हे हिंडणाऱ्या माणसाला सोयीचं गाव. मूळ लासूर शिवनेच्या काठी, दाक्षायणी देवीचं. आमचं रेल्वेने वसवलेलं. निजामाच्या काळात, १९०० च्या आसपास, मनमाड-हैदराबाद मीटरगेज झाली आणि रुळांच्या बाजूला दुकानं, वखारी, मोंढा वाढत गेला. पूर्वेला पोटूळ, मग दौलताबाद. गाडीच्या खिडकीतून देवगिरीचा उभा कडा दिसतो. पश्चिमेला करंजगाव, परसोडा, रोटेगाव, तारूर, नगरसूल आणि मनमाडच्या अलीकडे अंकाई-टंकाई हे जुळे किल्ले. वेरूळला जायला मोटार. कन्नडच्या पुढे गौताळ्याचं जंगल, पितळखोऱ्याची लेणी, अंतूरचा किल्ला. दक्षिणेला कायगावकडे गेलं की गोदावरी. १९७६ साली पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झाल्यावर नाथसागराचं पाणी पसरलं आणि हिवाळ्यात तिथे चक्रवाक नि रोहित उतरू लागले. १९८६ मध्ये सरकारने गौताळाही अभयारण्य केलं आणि जायकवाडीही. नाना म्हणाले, "उशिरा का होईना, माझ्या हिंडण्याला मंजुरी आली."

वेरूळला नाना पावसाळ्यात जायचे. लोक कैलास पाहायला जातात. नाना पुढे एकोणतीस नंबरच्या लेण्याशी कड्यावरून पाणी पडतं तिथे भिजत उभे राहायचे. कैलासाबद्दल त्यांचं मत मात्र पक्कं होतं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात तो डोंगर कळसापासून खाली खोदत आणला, हे मास्तरांनी आम्हाला शाळेत शिकवलं. नानांनी त्यातली खरी गोम सांगितली. "वरून खाली काम. चुकलं तर खाडाखोड करायला जागा नाही. असा मुनीम मोंढ्यात एक दाखव मला."

आता मोठ्या आईबद्दल. बाहेर हिंडणाऱ्या माणसाविषयी लिहिताना सगळे त्याच्या वाटा सांगतात. त्याचा पायजमा कोण धुतं ते कुणी सांगत नाही. नाना रात्री परतले की मोठी आई पायजमा न्हाणीच्या दगडावर पसरायची आणि डोक्यातला आकडा काढून त्याच्या टोकाने काठातली कुसळं एकेक उपसत बसायची. कुसळ सरळ ओढलं तर आत शिरतं, उलट्या बाजूने ढकललं तर सुटतं. हे तिने आम्हाला शिकवलं. आणि हे करता करता ती नानांचा दिवस वाचायची. नुसती कुसळं असली की माळरान. आघाडा चिकटलेला असला की बांधाबांधाने गेले. चपलेच्या तळाला गोखरू रुतलेलं असलं की कुणाचं तरी पडीक वावर. काठ ओला आणि काळ्या मातीचा असला तर ती मान वर न करता विचारायची, "कायगावला पाणी किती हाय?" उभ्या जन्मात ती तोवर कायगावच्या काठाला गेलेली नव्हती, पण नाथसागराची पातळी तिला घरबसल्या कळत होती.

नानांनी या सगळ्याचा हिशोब ठेवला होता. अक्षरशः हिशोब. लाल बांधणीची, दोरीने गुंडाळायची लांब चोपडी. पहिल्या पानावर श्री, मग डावीकडे जमा, उजवीकडे नावे. निसर्गप्रेमी माणसाची रोजनिशी म्हटल्यावर जे काही डोळ्यांसमोर येतं त्यातलं तिच्यात एक अक्षर नाही. जमेला : 'टिटवीची अंडी ४, मुरमात. हात लावला नाही.' 'भोरड्या असंख्य, ज्वारीवर. शेतकऱ्याच्या शिव्या, त्याही असंख्य.' 'सर्वपित्री. वाडी दाखवून निघालो. चास १. दसऱ्याला दिसेलच अशी खात्री नाही, म्हणून आजच नमस्कार केला.' आणि नावे बाजूला : 'छत्री १, गौताळ्यात.' 'चपलेचा अंगठा.' 'हिचा अबोला, दोन दिवस.' महिनाअखेर बाकी काढलेली. बाकी कशी काढायचे ते मला अजून कळलेलं नाही, कारण एका बाजूला टिटवी आणि दुसऱ्या बाजूला छत्री असली की वजाबाकी कशी करतात हे कॉमर्सला शिकवत नाहीत. पण प्रत्येक पान जुळलेलं आहे आणि खाली नानांची सही आहे.

वाचनालयात गो. नी. दांडेकरांची पुस्तकं यायची. ती नाना आणायचे नि मुदतीनंतरही ठेवून घ्यायचे. 'दुर्गभ्रमणगाथा' तर आमच्या कोनाड्यात इतकी राहिली की ग्रंथपाल ती चाळायला आमच्याकडे यायचे. गोनीदांना जवळची माणसं आप्पा म्हणत, मग नानाही आप्पाच म्हणायला लागले. मोठ्या आईला बरेच दिवस वाटायचं की हे मोंढ्यातलेच कुणी आप्पा आहेत आणि तेच यांना बिघडवतात.

एकदा नानांनी स्वतःच्या बचावासाठी आप्पांचं चरित्र पुढे केलं. गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, परतवाड्याचा. तेराव्या वर्षी शाळा टाकून घरातून निघाले, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडायला. मग गाडगेबाबांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा, कुठे कुठे भटकणं. नाना म्हणाले, "बघ, हा माणूस तेराव्या वर्षी घर सोडून गेला. मी संध्याकाळच्या गाडीने परत येतो." मोठी आई म्हणाली, "तेराव्या वर्षी त्यांना बायको नव्हती."

यावर नानांकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, फक्त ते त्यांच्या विरुद्ध जाणारं होतं. कारण संसार झाल्यावर आप्पा तळेगाव दाभाड्याला स्थिरावले आणि लेखणीवर घर चालवलं. 'स्मरणगाथे'ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८१ च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. या भटक्या माणसाने घर आणि गड यांच्यातला उंबरठाच काढून टाकला. मुलगी वीणा बापाबरोबर गड चढली, पुढे नाती चढल्या. त्यांतली एक नात मृणाल कुलकर्णी, आपण तिला पडद्यावर पाहतो. १ जून १९९८ ला आप्पा गेले. वीणा देवांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्याला नाव दिलं 'आशक मस्त फकीर'. बापाला फकीर म्हणायचा अधिकार लेकीलाच, कारण फकिराच्या घरचा स्वयंपाक काय असतो हे तिने पाहिलेलं असतं. वीणाताई, जावई विजय देव आणि मृणाल मिळून आप्पांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन करत. सभागृहात पंख्याखाली बसलेल्या माणसांना राजमाचीवरचा बुधा ऐकवायचा, तोही घरच्यांच्या आवाजात! वीणाताई २०२४ मध्ये गेल्या. आप्पांचं रान त्यांच्या घराने इतकी वर्षं सांभाळलं, असा हिशोब कुणी मांडला नसेल तर मांडायला हवा.

बाहेरची ओढ असलेली संसारी माणसं मला दोन प्रकारची दिसतात. एकाला घरातून निसटायचं असतं. दुसऱ्याला आख्खं घर उचलून बाहेर न्यायचं असतं. नाना मनाने दुसऱ्या प्रकारचे आणि प्रत्यक्षात पहिल्या. न्यायची इच्छा दांडगी, पण अमावस्येला आजी कुणाला उंबरा ओलांडू देईना. नाना मग उदाहरणं द्यायचे. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला मुलूख तेव्हा त्याच राज्यात. आज संभाजीनगरात तलावाला त्यांचं नाव आहे. तर त्या हिंडण्यात त्यांच्या पत्नी तेहमिना बरोबर असत, तंबूत राहत. हे नानांनी जेवताना मोठ्या ठसक्यात सांगितलं. मोठी आई म्हणाली, "तंबूत भाकरी कोण थापायचं?" नाना गप्प. त्यांच्या पुस्तकात तेवढं नव्हतं. मारुती चितमपल्लींचं नाव तर नानांनी घरात काढायचंच सोडून दिलं होतं. वनखात्यात नोकरी करून या माणसाला रानात राहायचा पगार मिळतो, ही गोष्ट नानांना सहन होत नव्हती.

शेवटी घर बाहेर काढलं ते मोठ्या आईनेच. तिचं माहेर लातूरकडचं. तिकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला वेळ अमावस्या, त्यांच्या बोलीत येळवस. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखी सामसूम असते. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत दगडांचे पाच पांडव मांडून पुजायचे, आंबिलाचा बिंदगा, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे आमच्याकडच्या पाहुण्यांना दरवर्षी सांगावं लागतं. तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, गाजर, चिंच, सगळं बेसनात आणि ताकात शिजवून केलेला तो घट्ट, आंबटसर प्रकार. खाणाऱ्याला दुपारी झाडाखाली आडवं व्हावंच लागतं.

आमच्याकडे गंगापूर तालुक्यात ही चाल नाही. पण आजी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मोठ्या आईने जाहीर केलं : "माझ्या माहेरची अवस हाय. कुळाचार म्हणून शेतात जेवायचं." कुळाचार म्हटल्यावर कोण बोलणार? नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयुष्यभर ज्या अमावस्येसाठी ते घरच्यांशी भांडले, ती बायकोच्या माहेरून पंचांगाच्या शिक्क्यासह आलेली होती.

तेव्हापासून येळवशीला आम्ही सगळे बाहेर. पहिली दोन-चार वर्षं घरच्याच वावरात, मग शिवनेच्या काठी, मग कायगावला, जिथे मोठ्या आईने अखेर नाथसागर पाहिला आणि "मला वाटलं तेवढंच हाय" असा दाखला दिला. नाना त्या दिवशी मुनीम राहायचे नाहीत, वाटाडे व्हायचे. जेवण झालं की कुणालाही झोपू द्यायचे नाहीत. संध्याकाळी बैलगाडीत, पुढे पुढे टेम्पोत, आम्हाला आडवं पाडून आकाश दाखवायचे. चंद्राचा अडसर नाही, सगळी दुकानं उघडी. तिकांडं, त्याच्या खाली व्याध, वर कृत्तिकांचा पुंजका. रात्री उशिरा सप्तर्षी वर आले की मोठी आई त्यांना बाज म्हणायची आणि बाजेवर म्हातारी झोपली असून तीन चोर खाट ओढतायत असं सांगायची. नाना वसिष्ठ, अरुंधती सांगायचे. आम्हाला म्हातारी जास्त पटायची.

 २०२२ च्या हिवाळ्यात नाना गेले. अमावस्येला जातील अशी सगळ्यांची अटकळ होती, पण तिथी भलतीच होती. "अवसंला त्यांना सवड नव्हती," मोठी आई म्हणाली.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला फोटो शोधायला घेतला तेव्हा कळलं की नानांचा समोरून काढलेला फोटोच नाही. लग्न, मुंजी, बारसं, प्रत्येक ठिकाणी सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि नाना मान वर करून मांडवाच्या कनातीपलीकडचं काहीतरी. शेवटी आधार कार्डावरचा लावला. त्यात ते अनोळखी दिसत होते, पण त्यात प्रत्येकच माणूस तसा दिसतो. फ्लेक्सवर नावाखाली काय लिहायचं यावरून पुन्हा खल झाला. 'निसर्गप्रेमी' असं चुलतभावाने सुचवलं. मोंढ्यातले एक वयस्कर आडते म्हणाले, असलं काही नको, लोकांना वाटेल आयुर्वेदिक औषधं विकत होते.

दहाव्याला शिवनेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ज्या माणसाने गावाला डोमकावळा कुठला आणि गावकावळा कुठला हे बोट धरून शिकवलं, त्याला कावळ्यांनी चांगलं ताटकळत ठेवलं. रीतीप्रमाणे बोलणी सुरू झाली. नातवाचं शिक्षण पूर्ण करू. कावळा ढिम्म. शेत विकणार नाही. ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, नानांची दुर्बीण मी सांभाळीन. दोन कावळे बाभळीवर सरकले, पण खाली नाहीत. मी वाचनालयाची राहिलेली पुस्तकं परत करायचं कबूल केलं, तेव्हा तर एक उडूनच गेला. मोठी आई इतका वेळ लांब दगडावर बसलेली होती. ती तिथूनच म्हणाली, "अंकाईला जाऊन येऊ आम्ही समदे. झालं?" कावळा उतरला. तो डोमकावळा होता की गावकावळा यावरून परतीच्या वाटेत दोन गट पडले, आणि निकाल देणारा माणूस नेमका हजर नव्हता.

अंकाईचं कसं कळलं तिला, हे मी नंतर विचारलं. तिने चोपडीचं शेवटचं पान काढून दाखवलं. येणे बाकी या सदराखाली एकच नोंद, वर्षानुवर्षं पुढे ओढलेली : 'अंकाई. घरची मंडळी.' मनमाडकडे कुठल्याही लग्नाला निघालो की नाना नगरसूल गेल्यावर उठून खिडकीशी जायचे आणि डब्यातल्या सगळ्यांना, ओळख असो नसो, दाखवायचे : हा अंकाई, हा टंकाई, मध्ये खिंड, टंकाईच्या पोटात जैन लेणी, अंकाईवर अगस्ती ऋषींचं ठाणं. "उतरायचं का?" असं ते दरवेळी विचारायचे. दरवेळी कुणाच्या तरी अंगावर शालू असायचा.

पुढच्या येळवशीला गेलो. मोंढ्याला सुट्टी होतीच. चुलतभाऊ वाळूजला कंपनीत आहे, त्याला रजा टाकावी लागली, कारण कंपनीला अमावस्या कळत नाही. सकाळच्या पॅसेंजरने अंकाईला उतरलो. मोठ्या आईच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला काठी. भज्जीचा डबा तिने कुणाच्या हाती दिला नाही. जैन लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. तिथवर चढली, आणि एका ओट्यावर फतकल मारून बसली. वर अगस्तींकडे तुम्ही जाऊन या, म्हणाली, मला इथून दिसतंय. पोरं धावली. मी थांबलो. तिने आधी पायातला काटा काढला, मग लुगड्याचा काठ उलटा करून कुसळं बघितली, एक उपसून बोटावर धरलं. "हे आपल्याकडचंच हाय," म्हणाली, जरा निराश होऊन.

पोरं खाली येईपर्यंत उन्हं कलली होती. खाली रुळांवरून एक गाडी लासूरच्या दिशेने निघाली होती, आणि चुलतभावाने मोबाइलमध्ये वेळापत्रक बघून कपाळावर हात मारला.

"आपलीच होती?" मोठ्या आईने विचारलं.

"आपलीच."

"जाऊ द्या. दुसरी असेल की. त्या डब्याचं झाकण काढा आधी, घट्ट बसलंय."